झडती

भिंतीवर दोनच फ्रेम आहेत.
एक एम.ए.ची, मुक्त विद्यापीठ, वय वर्षं त्रेचाळीस.
दुसरी पदविकेची. तिच्यात काचेच्या आत एक मुंगी मेलीय.
ती मी काढत नाही.
काही लोक तिच्याकडे बघतच बोलायला लागतात.

काल एका मुलानं विचारलं,
मॅडम, तुम्ही पहिल्यापासून हेच?
त्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातून उठायचं होतं
आणि घरी सांगायचं नव्हतं.
मी म्हटलं, आपण तुझ्याबद्दल बोलू.
नियम तसा आहे.
पण प्रश्न निघाला माझ्याबरोबर,
स्कूटीवर मागं बसून,
कॅनडा कॉर्नरपासून इंदिरानगरपर्यंत.

नाही रे बाबा.
रसायनशास्त्र, सेकंड क्लास, फर्स्ट दोन मार्कांनी हुकलेला.
मग अंबडच्या एका शेडमध्ये
बेअरिंगच्या कड्या तपासायच्या.
गो गेज, नो-गो गेज.
एक आत जायला हवा, दुसरा जाता कामा नये.
नाहीतर लाल पेटी.
सात वर्षं.
माणसंही तशीच जोखायची सवय लागली:
नणंद, लाल पेटी. वरच्या मजल्यावरचे खैरनार, लाल पेटी.
शेडला टाळं लागलं त्या दिवशी
मी कुठल्या पेटीत पडले ते कुणी सांगितलं नाही.

मग शिकवण्या. मग विमा,
सिडकोचे जिने, बंद दारं, पाणी घेता का म्हणणारी एखादीच.
मग मुंबई नाक्याजवळच्या इस्पितळात
बिलाची खिडकी.

तिथं एक गृहस्थ आले, निफाडकडचे, टोपी हातात.
बायको पहाटे गेलेली.
म्हणाले, ताई, बिल वाचून दाखवा.
वाचलं. म्हणाले, परत.
मागं रांग कुरकुरत होती.
तिसऱ्या वेळी लक्षात आलं,
त्यांना आकडे नकोच आहेत.
बिल संपलं की तिला घेऊन निघावं लागणार.
म्हणून चौथ्यांदा वाचलं, सावकाश,
सलाईन, सुया, खाट आठ दिवस,
कापूस बारा रुपये.
कापसाला ते रडले.
मी खिडकी लावून घेतली नाही,
एवढंच.
त्याबद्दल मेमो मिळाला.
खरं तर फ्रेम त्याची करायला हवी होती.

रविवारी संपर्कसत्रं. बाकावर शेजारी एक हवालदार,
रात्रपाळीहून थेट आलेला, फ्रॉइडवर डोकं ठेवून झोपायचा.
प्रमाण विचलन मला माझ्या दहावीतल्या मुलानं शिकवलं.
सासूबाई म्हणाल्या, वेड्यांचं शिकतेस?
आणि दोन महिन्यांनी, दार लोटून घेऊन,
मला झोप लागत नाही गं.

पाटी रंगवणारा म्हणाला,
समुपदेशन फार लांब होतंय,
नुसतं उपदेश लिहू?
म्हटलं, तो माझ्याकडे मिळत नाही.
तो बाहेर कुठंही फुकट आहे.
त्यानं अक्षरं बारीक केली, पैसे तेवढेच घेतले.

बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते.
दिवसभर हाताखालून कोऱ्या नोटा,
शाई फाकलेली, आकडा सरकलेली बाजूला काढायची,
आणि सुटताना फाटकावर झडती.
बत्तीस वर्षं, हात वर.
घरी आले की फार बोलायचे नाहीत.
आम्हाला वाटायचं, चिडलेत.

संध्याकाळी खोलीला कुलूप लावते,
किल्ली, चष्मा, डबा,
आणि जिन्यात उभी राहते थोडा वेळ,
कुणाचं काही बरोबर येतंय का बघत.
येतं.
मी हात वर करते, अगदी थोडे,
खालचा झेरॉक्सवाला बघत नसेल तेव्हा.

काल तेवढं राहून गेलं.