परतीचा दांडा

दांडिया बाजारातल्या हापिसात जुनं यंत्र, नाव ढाढर.
गोरव्याच्या गोदामात नवं, नाव मही.
नद्यांची नावं माझ्या आधीच्या माणसानं ठेवली,
पासवर्ड मात्र कुठेच लिहून ठेवला नाही.

साडेसहा वाजलेत. फाटकाशी ट्रक उभा,
पिवळ्या रंगाची चाळीस पिंपं, ताडपत्री बांधून झालेली,
चलन छापून आलं की हालोलला निघायचं.
भिखाभाई ड्रायव्हर खिडकीतून डोकावून
मला नाही, प्रिंटरला विचारतो, "थयुं?"

ढाढर म्हणतं, पाठवलं.
मही म्हणते, माझ्याकडे काही नाही आलं.
मध्ये विश्वामित्री, काळाघोड्याचा पूल,
पुलाखाली मगरी.
मी उगाच मगरींवर संशय घेतो.

हाक मारून पाहिली: जाते, येते,
चौसष्टातला एकही बाइट हरवत नाही.
पाचशे पंधरा नंबरचं दार ठोठावलं:
उघडतं, आणि तोंडावर लागतं.
हे तारांचं दुखणं नव्हे.

लॉगमध्ये एकच वाक्य, अठ्ठावीस वेळा:
हा कोण, माझ्या यादीत नाही.
मही ढाढरला आकड्यानं ओळखत होती,
नाव कुणी सांगितलंच नव्हतं.
एक ओळ लिहिली. आकडा, टॅब, नाव.

प्रिंटर खडखडला. भिखाभाईनं बिडी विझवली.
आणि कागदावर जिना उतरला.

पहिली ओळ डावीकडून, ठीक.
        दुसरी, जिथे पहिली संपली तिथून.
                तिसरी आणखी खाली,
                        आणखी उजवीकडे,
नवलखी वावेच्या पायऱ्यांसारखी
न दिसणाऱ्या पाण्याकडे.
पिंपांचा आकडा कडेवरून पडला.
रक्कम तर कोऱ्या रोलरवर छापली गेली.

फोन लावला कुमुदबेनना.
माहेरच्या गुप्ते, सासरच्या दिघे,
बडोद्यात पन्नास वर्षं सगळ्यांच्या बेन.
रिटायर होऊनही मंगळवार-शुक्रवार खतावणीला येतात,
ढाढरच्या खोलीची किल्ली त्यांच्याच पर्समध्ये.
"सेटिंग बघायचंय," म्हटलं.
"सेटिंग राहू दे. कागदावर काय दिसतंय ते सांग."

सांगितलं.
"म्हणजे ओळ खाली जाते, डावीकडे परत येत नाही."
"हो."
"अरे, मग दांडा कोण ओढणार?"
मी गप्प.
"टाइपरायटरवर दोन कामं असायची.
रोलर फिरला की कागद वर, गाडी ढकलली की डावीकडे.
एकाच दांड्यात दोन्ही व्हायची
म्हणून तुम्हाला ते एकच वाटतं.
आमचं हे फक्त 'खाली' म्हणतं.
परत आणायचं काम जुना प्रिंटर न सांगता करायचा."

मी सहा वर्षं पगार घेतोय या कामाचा.

महीवर एक छोटी गाळणी बसवली,
प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारी खूण:
परत ये.
दोनदा चुकलो. एकदा दोन ओळींत मोकळी जागा सुटली,
एकदा सगळं एकावर एक, काळा पट्टा.
तिसऱ्यांदा प्रिंटरचं डोकं उजव्या टोकाला गेलं,
थबकलं,
आणि सरसर डावीकडे आलं.
घंटी वाजली नाही. मला ऐकू आली.

आठ वाजून पाच. भिखाभाईनं चलन दिव्याखाली धरलं.
चाळीस पिंपं, बरोबर. गाडी नंबर, बरोबर.
नाव मात्र भिखाभ.
ढाढरला आठच अक्षरं ठाऊक, नववं आलं की कापतं.
"दुरुस्त करून देतो," म्हणालो.
तो हसला. "बार वरसथी आम ज आवे छे. चालशे."
जिन्याचा कागद त्यानं मागून घेतला,
समोरची काच पुसायला.

फोन अजून चालूच होता.
पलीकडे डब्याचं झाकण लागल्याचा आवाज.
"निघाला का रे ट्रक?"
"निघाला."
"बरं. मग लावते कुलूप."