स्वेछेने

दाभोळच्या धक्क्यापासून तिसरं दुकान माझं.
झेरॉक्स, पॅनकार्ड, वीजबिल, लॅमिनेशन.
फेरीबोट पलीकडे धोपाव्याला निघाली
की काउंटरची काच थरथरते.

हरेश्वर पालशेतकर आला. वय सत्तावन्न.
पिशवीतून पिशवी, तिच्यातून पासबुक.
कोलंबीच्या कारखान्यात चार वर्षं आठ महिने
उणे अठरा अंशांत उभा राहिलेला माणूस.
म्हणाला,
"फंडाचे एक लाख अडतीस हजार दोनशे सात होते.
हातात आले ते तेरा हजार आठशे एकवीस कमी.
कोणी नेले, बघ जरा."

टीडीएस, मी सांगितलं.
पाच वर्षं भरली नाहीत
की म्हातारपणचा पैसा
सरकारच्या लेखी यंदाची कमाई.

"चार महिन्यांसाठी?"

हो. कारखाना बंद पडून नोकरी गेली असती तर गोष्ट वेगळी.

"मग बंदच पडला ना! गेटला कुलूप आहे, जाऊन बघ."

स्क्रीनवर नोकरी सुटल्याचं कारण उघडलं:
राजीनामा.

"चिपळूणलाही तेच. बेकारीच्या भत्त्यासाठी तीन खेपा घातल्या.
विमा ऑफिसातली बाई म्हणाली,
काका, नोकरी गेली त्याला भत्ता.
तुम्ही तर सोडलीत."

रिटर्न भरू, मी म्हटलं.
तुमचं उत्पन्न मर्यादेत बसतं, कापलेले परत येतील.
नंतर काय कमावलंत?

"जाळी शिवली. दिवसाला अडीचशे,
बोलावलं त्या दिवशी."
जरा थांबून:
"दोन माड आहेत. नारळ पण लिहितोस?"

नारळ नको.

मग त्याने चार घड्यांचा कागद उलगडला.
"यावर सही केली. त्याशिवाय शेवटचा पगार देत नव्हते.
चष्मा घरी होता.
काय लिहिलंय, वाच."

वाचायची गरज नव्हती.
पहिल्याच ओळीत
'मी स्वेछेने'.
अर्धा च राहून गेलेला.

रात्री साडेनऊला शटर ओढताना
मॅनेजरचा माणूस आला होता.
चाळीस प्रती, फक्त नावं बदलायची,
प्रतीला दहा रुपये, रोख.
मी एवढंच विचारलं होतं,
तारीख कुठली टाकू?
ते चारशे मी कुठल्याच रकान्यात दाखवले नाहीत.

"काय रे? लागत नाही का अक्षर?"

लागतं, मी म्हटलं. राजीनामाच आहे.

"तुझे किती झाले?"

राहू दे.
"राहू दे कसं," म्हणत त्याने पन्नासची नोट
स्टेपलरखाली सरकवली
आणि पिशवीत पिशवी घालत निघून गेला.

बोट धक्क्याला लागली. काच थरथरली.
ती फाइल अजून डेस्कटॉपवर होती.
उघडली.
अर्धा च घातला.
यंत्राने विचारलं,
बदल जतन करायचे का?