पान एकेचाळीस

लष्करात, दौलतगंजच्या मागच्या गल्लीत,
वाचनालयाच्या माडीवर अकरा मशिनं,
वाळ्याचा एक कूलर, आणि मी.
जून. दुपारचे दोन.
वीज गेलेली, इन्व्हर्टर तेवढा बोलतोय: टूं. टूं.

मग जिन्यावर चपला वाजतात.

"मॅडमजी, पॅकेज बसत नाहीये."
मान न उचलता मला कळतं कुठलं,
कुठल्या ओळीपासून लाल झालंय,
आणि काल रात्री घरातले झोपल्यावर
याने तेच बटण किती वेळा दाबलं असेल.

याला ते हवं.
त्याला हवं त्याच्या आधीचं.
आधीच्याला हवं नेमकं दोन पॉइंट सातच,
आठ चालत नाही, सहाशी बोलणं बंद.
आणि जे सात आहे
ते कुणी तिसऱ्यानेच धरून ठेवलंय,
सोड म्हटलं तर तो सगळंच सोडतो,
पडदा, आवाज, घड्याळसुद्धा.
लग्नघरात होतं तसं:
मामा आल्याशिवाय अंतरपाट नाही,
मामा येत नाहीत कारण गाडी गेली नाही,
गाडी गेली नाही
कारण किल्ली मामांच्या खिशात.

चौथ्या वर्षी मी हे लिहून काढलं.
निळं रजिस्टर, पान एकेचाळीस, नऊ पायऱ्या.
पाचवीखाली दोन रेघा: घाई करू नये.
तेव्हापासून माझं उत्तर लहान झालं.
"झालाय हा प्रश्न. एकेचाळीस बघ."
सोनल कुशवाहला एकेचाळीस.
दानिशला एकेचाळीस; तो म्हणाला, बसचा नंबर वाटतो.
मुरारच्या जुळ्या भावांना
एकाच दिवशी, तासाच्या अंतराने, एकेचाळीस,
कारण त्यांचं आपसात पटत नव्हतं.
पानाचा कोपरा बोटांनी मऊ झाला,
धुवून धुवून विरलेल्या रुमालासारखा.

मला त्याचा अभिमान होता, खोटं का बोला.
गल्लीत एक विहीर असताना
प्रत्येकाने आपल्या अंगणात खड्डा कशाला पाडायचा?

मग भिंडच्या बसने तो आला.
भदौरिया एवढंच कळलं, पुढचं मी विचारलं नाही.
काकाचा जुना सीपीयू पोत्यात बांधलेला,
सुतळीची गाठ दातांनी सोडली.
तोच लाल रंग. तीच ओळ,
निदान पहिल्या तीन शब्दांपर्यंत तीच.
"एकेचाळीस," म्हटलं, आणि चहा ओतून घेतला.

शेवटच्या प्लगला लावून तो बसला.
एकदा तोंड उघडलं,
माझ्याकडे पाहिलं, मिटलं.
शेवटची बस साडेपाचची.
पोतं पुन्हा खांद्यावर घेताना
"थँक्यू मॅडमजी" म्हणाला. तेच जास्त लागलं, नंतर.

कुलूप लावायच्या आधी रजिस्टर मिटताना
समासात पेन्सिलीचं बारीक अक्षर दिसलं:
"इसमें पाँचवीं सीढ़ी है ही नहीं. ३२ बिट है."

नऊ पायऱ्यांचा माझा जिना,
त्याच्याकडे मधली एक पायरीच नाही,
आणि मी वरून ओरडतेय,
ये की, सगळे चढलेत.

तीन रात्री गेल्या. निघाला रस्ता,
लांबचा, जुन्या गोदामातून, एकेक नग हाताने उतरवत.
पान बेचाळीसवर लिहिला.
वर मथळा द्यायला शब्द सुचेना, शेवटी लिहिलं:
सारखा दिसणारा.

तो परत आला नाही.
भिंडच्या बसने कोण कोण येतं
हे मी आता विचारते, उगीच.
पेन्सिलीची ओळ पुसट होत चाललीय,
तिच्यावर पेन फिरवावं असं वाटतं, फिरवत नाही.

बहुतेकांचं उत्तर अजूनही एकेचाळीसच आहे.
दहातल्या नऊंचं. मोजलंय मी.

जिन्यावर चपला.
"मॅडमजी, पॅकेज..."
बैस.
ओळ वाच. मोठ्याने.
नाही, तिथे थांबू नकोस,
शेवटपर्यंत.