दोनदाच ऐकवण्यात येईल

पोषण आहाराच्या खोलीतून पातेलं आणलं
आणि कच्छवे सरांनी त्यात मोबाइल ठेवला,
आवाज मोठा व्हावा म्हणून.
पातेल्यातून एक बाई बोलू लागली,
लंडनची का कुठली,
घाईघाईत, जणू तिचंही दूध गॅसवर आहे.

दोनदाच ऐकवण्यात येईल, सर म्हणाले.
पहिल्या खेपेला मला सापडलं :
ट्यूजडे. अम्ब्रेला. मिसेस हार्पर.
मधलं सगळं वाहून गेलं,
आठव्या दिवशी नळाला पाणी यावं
आणि हाताशी एकच घागर असावी, तसं.

शेजारी नुसरत. घरी दखनी, वर्गात मराठी,
टीव्हीपुढं हिंदी.
"ये चौथी हय मेरी," ती पेन्सिल चावत म्हणाली,
"इसकू बी जगा देना पडता ना."
दुसऱ्या खेपेला तिच्या आधीच्या तिघी
मदतीला आल्या नाहीत.

मिसेस हार्पर स्टेशनवर का थांबल्या?
मी लिहिलं, त्यांना घरी जावंसं वाटत नसेल.
सरांनी लाल पेनानं गोल केला :
उत्तर उताऱ्यातच असतं, सुमेधा.
बाहेरून आणायचं नाही.

बाबा जिंतूरच्या स्टँडवर कंट्रोलर.
अकरा वर्षं एकाच माइकवर,
त्याला वरून रुमाल बांधलेला, धुळीसाठी.
"शनिवारी ये," म्हणाले,
"आमचा पेपर तुमच्याहून लै अवघड असतोय."

खिडकीखालच्या बाकड्यावर वही घेऊन बसले.
भोंग्यातून खर्रर्र, मग बाबा,
पण घरचे नाहीत, पत्र्याचे :
...लाट क्रमांक... रभणी... झरी मार्गे... खर्रर्र.
माझ्या वहीत अडीच शब्द.
आणि बघते तर माणसं उठायलेत,
पिशव्या उचलायलेत, लेकरं ओढायलेत,
कुणी चुकत नाही,
खिडकीशी येऊन कुणी विचारत नाही.

बांगड्यांच्या पेटीला टेकलेल्या बाईला म्हटलं,
मावशी, काय बोलले, कळलं?
"कळायचं काय त्यात? मला औंढ्याला जायचंय.
मी औंढा तेवढं ऐकते.
बाकीचं ज्याचं त्यानं ऐकावं."

सोमवारी मी आधी प्रश्न वाचले.
मग पातेल्याला कान दिला
आणि मला जायचं होतं तेवढीच गावं ऐकली.
दहापैकी सात.
नुसरतला आठ. तिनं कुणाला विचारलं होतं,
ते काही सांगितलं नाही.

वाचनाच्या उताऱ्यात लाइटहाउस निघालं.
समुद्र आम्ही नकाशात बघितलेला, फिक्कट निळा.
अवतीभवतीच्या वाक्यांवरून अर्थ काढा, सर म्हणाले.
अवतीभवती होतं : अंधार, पाणी, उंच,
आणि जागा असलेला एकटा माणूस.
मी लिहिलं, येलदरीच्या धरणावरचा दिवा.
सरांनी बराच वेळ पेन नुसताच धरला,
मग अर्धा गुण दिला.

दिवाळीनंतर स्टँडवर मशीन बसलं.
आता तिथं एक बाई बोलते, पुण्याकडची असावी,
एकेक अक्षर निवडलेल्या तांदळासारखं,
फलाटातला फसुद्धा.
त्या दिवशी बाबा आले,
चपला काढल्या, पंखा दोनवर केला, म्हणाले,
"आजपासून घसा मोकळा."

एवढाच उतारा.
बोलणाऱ्याला काय वाटत होतं?
अ) आनंद. ब) थकवा. क) यांपैकी नाही.
मी दुसऱ्यांदा ऐकायला थांबले.
ते भाकर मोडत राहिले,
वरणाची वाटी जवळ ओढली,
रुमाल खिशातून काढून उगीच घडी घातला,
मग एकदम,
"त्या तुझ्या बाईला छत्री मिळाली का मंग?"

उताऱ्यात तसं काही दिलेलं नव्हतं.

मिळाली, मी म्हणाले.
ट्यूजडेलाच.