पहिली गाळणी

मुखरू गहाणे बोडीवरून आला,
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात अंडी घेऊन.
साबुदाण्याची खीर, दाण्यादाण्यात एकेक काळा ठिपका.
"म्याडम, आज लाइन नाही. आरसा फिरवा."
फिरवला. खिडकीतून रोवणी झालेल्या बांधीचं हिरवट ऊन
नळीतून वर चढलं.

चौथ्या दिवशी ठिपक्याला पाठ येते,
शेपटीचा नुसता विचार.
आणि कल्ल्यांच्या जागेमागे
नखालाही लागणार नाही असा एक उंचवटा.
पूर्ववृक्क, मी फळ्यावर लिहिते.
सहा पोरी उतरवून घेतात, एक रफारासकट चुकवते.
डोळे धड नाहीत, तोंड उघडलेलं नाही,
पण पाणी बाहेर फेकायची सोय आधी,
कारण तळ्याचं पाणी विचारून आत शिरत नाही.
आत नरसाळी आहेत, तीन,
काठाला केस, सतत झाडत राहणारे.
इथून दिसत नाहीत. मी सांगते म्हणून माना.

"आन नाही बनली तं?"
मुखरू काचपट्ट्या पुसत होता.
फुगतं, मी म्हटलं. पोट आधी, मग सगळंच.
कातडी ताणून आरपार दिसायला लागतं.
त्याचं फडकं थांबलं.
"पुस्तकलाच्या पायावर बोट दाबलं
तं खड्डा रायते. लवकर बुजतच नाही."

पुस्तकला त्याची धाकटी बहीण.
मंगळवार, शुक्रवार, पहाटेच्या एसटीनं लाखांदूरहून भंडारा,
चार तास मशीन,
येताना पवनीच्या स्टँडवर अर्धा कप चहा, तोही मोजून.

पुस्तकातलं पुढचं वाक्य होतं :
हे इंद्रिय तात्पुरतं,
मागची जोडी कामाला लागली की विरून जातं.
मी ते वाचलं नाही. पान उलटलं.
माझीही नेमणूक तासिकेवर, मार्चपर्यंत,
पण ते कारण नव्हतं.

संध्याकाळी डबा परत बोडीत सोडायला दोघं गेलो.
तो धुऱ्यावर उकिडवा बसला,
गिळगिळीत गोळा बोटांनी हळू सुटा करत.
"तक्त्यावर तं दुसरी जोडी दाखवली आहे," तो म्हणाला.
बारा वर्षं तो तक्ता तोच टांगतो, तोच गुंडाळतो.
"येते ना मागून?"
"येते," मी म्हटलं. "बेडकाला."

त्यानं डबा विसळला, पुन्हा विसळला,
उपडा करून झटकला,
तरी तळाशी थोडं पाणी राहिलंच.