वायर

किरीटभाई शेलत निवडून आले त्या संध्याकाळी
उघड्या जीपमध्ये त्यांच्या मागे मी उभा होतो.
कामं दोनच: गळ्यात हार मावेनासे झाले
की खालचे काढून पोत्यात भरायचे,
आणि गल्ली अरुंद झाली की कानाशी लागून म्हणायचं,
"साहेब, केबलची वायर. मान खाली."

रावपुऱ्यापासून मांडवीपर्यंत सत्तावीस वेळा म्हटलं.
सत्तावीस वेळा तो माणूस माझ्या शब्दासरशी वाकला
आणि खाली लोकांना वाटलं, नमस्कार करतोय.

हे दिघे सरांना सांगितलं बँकेच्या रांगेत.
हयातीचा दाखला हातात धरून ते इतके हसले
की कारकुनानं मान वर करून बघितलं.
म्हणाले, अरे, रोममध्ये या कामाला एक गुलाम ठेवत.
चार घोड्यांचा रथ, जिंकून आलेला सेनापती,
तोंडाला शेंदूर फासून देव झालेला,
आणि मागे हा, त्याच्या डोक्यावर सोन्याचा मुकुट धरून पुटपुटणारा:
माणूस आहेस. मरणार आहेस. विसरू नकोस.

"रोज काय मिळायचा त्याला?"
सर म्हणाले, गुलाम होता रे.

पुढे विश्वामित्रीला पूर आला.
किरीटभाईंच्या सोसायटीत, पार्किंगमध्ये मगर निघाली,
तिचे फोटो त्यांच्या पोस्टरपेक्षा जास्त फिरले.
पुढच्या खेपेला दोनशे अकरा मतांनी गेले.

काल आले होते घरपट्टी भरायला. टोकन अडुसष्ट.
आमची खिडकी बुटकी आहे,
बोलायचं तर कोणालाही वाकावं लागतं.
मला ओळखलं की नाही, कळलं नाही.
सुट्टे नव्हते त्यांच्याकडे. माझ्या खिशातले दिले.

सर म्हणतात, रोमवाल्यांनी नशीबदेवीच्या हाती
सुकाणू दिलं होतं, आणि पायाशी चाक.
दोन्ही एकाच बाईकडे, म्हणजे बघ.
मी मान डोलावतो.

सरांना एक सांगितलेलं नाही.
त्या संध्याकाळी त्यांच्यावर उधळलेल्या पाकळ्या
माझ्याही कॉलरमध्ये शिरत होत्या,
आणि मांडवीच्या अलीकडे, वळणावर, मी टाचा उंचावल्या होत्या
थोडा जास्त दिसावा म्हणून.
तेवढ्यात साहेबांचा फेटा उडून रस्त्यात पडला.
बँड थांबला. ते हसले, मग सगळे हसले.
त्याच वर्षी त्यांनीच मला कायम केलं.

अठ्ठाविसावी वायर मला दिसली होती.