खणातला ट्ट

शहापुरात, मागांच्या खटखटीला लागून छापखाना होता.
तिथं मी खिळे जुळवायचो.
इतिहास मी असाच वाचलाय,
डोकं खाली, पाय वर, शिशाचा.

त्या साली एकाच महिन्यात दोन पुस्तकं आली.
एक पायदळाच्या पलटणीचं, मराठीत,
सुभेदार भरमाणी हंगिरगेकरांच्या हातचं, फुलस्केपवर,
समास सोडून, परेडला उभं केल्यासारखं.
दुसरं सांबऱ्याहून, एका स्क्वॉड्रनचं, इंग्रजी, टाइप केलेलं.
इंग्रजी मला अक्षरं म्हणून येते, भाषा म्हणून नाही.
मालकांचा मुलगा वाचून सांगायचा.

पलटणीच्या पुस्तकात सगळं होतं.
निशाण कधी मिळालं, हॉकीत कुणाला हरवलं,
कुठल्या कर्नलसाहेबांनी मेसमागं फणस लावले.
खेचरांचीसुद्धा नावं होती: रंगी, बिजली,
आणि एक नुसतीच सत्तावीस नंबर.
पान एकशे बारा:
'तीन दिवस रसद नाही. चौथ्या दिवशी चौकी सोडली.
नुकसान किरकोळ.'
मागं परिशिष्टात त्या किरकोळची सात नावं.
चौथं, शिपाई शट्टुप्पा भावकू रुटकुटे, मुक्काम कडोली.

ट्ट आमच्या खणात दोनच होते,
आणि दोन्ही पट्टणशेट्टींच्या लग्नपत्रिकेत अडकलेले.
मी एक उपटला.
म्हटलं, नवरदेव थांबेल दोन दिवस.

दुपारी दुसऱ्या पुस्तकाचे आकडे लावताना
हात थबकला.
तारीख सकाळचीच होती.
पुढं दोन शब्द. मालकांच्या मुलानं सांगितलं,
'ढग. परत.'
एवढंच? एवढंच.

शनिवारी दोघेही प्रूफं न्यायला आले, एकाच बाकावर बसले.
कॅम्पातले फुर्तादोसाहेब, हातात काठी,
मराठी गोव्याची, जपून टाकलेली.
आणि सुभेदार, पिशवीत मेथीची जुडी.
मी दोन्ही पानं दगडावर शेजारी ठेवली.
माझं काम नव्हतं ते.

बराच वेळ मागच तेवढे बोलत होते.
मग सुभेदार म्हणाले,
'आवाज आलता वो वरनं. तिसऱ्या दिवशी.
आमी सगळी मान वर करून बघालतो.
शट्टुप्पानं तर पेटी येणार म्हणून
दगडं बाजूला करून जागा साफ केली.'

फुर्तादोसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावलाच नाही.
'चाळीस मिनिटं फिरलो,' ते म्हणाले.
'खाली नुसतं पांढरं. एकदा भोक दिसलं,
त्यात झाडं होती. माणसं नव्हती.
मग तेल बघितलं.'

'मग लिवलं का न्हाई?'
'कुणी विचारलं नाही.'

सुभेदार माझ्याकडं वळले, हुकूम द्यावा तसे:
'चाळीस मिंटं घाला. त्यांच्या पुस्तकात.
आमच्यात घाला, आवाज ऐकला.'
पान भरलेलं होतं. एक ओळ वाढली
तर पुढची सोळा पानं सरकतात, हे त्यांना काय सांगू?
मी फणस काढले.
कर्नलसाहेबांची हरकत आली नाही,
ते केव्हाच वारले होते.
इंग्रजी पानावर नुसते आकडे बसवले, चार आणि शून्य,
आणि मुलानं सांगितलेली सात अक्षरं.

पुस्तकं छापून झाली.
एक मेसच्या काचेच्या कपाटात गेलं, एक सांबऱ्याला.
मधे आठ-नऊ मैल. पुन्हा भेटली असतील असं वाटत नाही.
सुभेदारांनी एक प्रत कडोलीला नेऊन दिली म्हणे,
तिथं ती वाचणारं कोण होतं ठाऊक नाही.

रॉकेलनं फर्मा धुतला, खिळे सोडवले.
श, प्प, रु, कु, टे, सगळे आपापल्या खणात.
ट्ट तेवढा हातात राहिला.
बाहेर पट्टणशेट्टींचा माणूस तासभर ओरडत होता,
लग्न सोमवारी, पत्रिका कधी?

मी तो फडक्यानं पुसला
आणि वराच्या नावात बसवला.